सोलापूर, नागपूर, नॅशव्हिल

१९३८ सालचा पहिला दिवस. सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळींच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. येवल्याला धर्मांतराची घोषणा करून त्यांना सव्वादोन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात सगळ्याच धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. सोलापूरच्या श्रोत्यांनाही आस असणारच. सुरुवात त्यांना गोड वाटेल अशीच झाली. धर्मांतराचा विचार करताना बुद्ध आणि ख्रिस्त ही दोनच व्यक्तिमत्त्वं आपल्यासमोर येतात, असं बाबासाहेब म्हणाले. मग सूर बदलला. दक्षिणेतल्या चर्चमध्ये अजून जात कशी पाळली जाते? मिशनच्या शाळांतून इतकी मुलं-मुली शिकली, पण आपल्या माणसांवरच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी कधी चळवळ का उभी केली नाही? राजकारणापासून ख्रिस्ती समाज इतका लांब का? अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला की आपलं काम संपलं असं मिशनऱ्यांना वाटतं, त्याच्या राजकीय हक्कांची त्यांना फिकीर नसते, हाही ठपका त्यांनी तिथेच ठेवला. हे भाषण पुढे बाबासाहेबांच्याच ‘जनता’ साप्ताहिकात छापून आलं.

घरी बोलावलेल्या पाहुण्याकडून एवढं ऐकून घ्यायचं म्हणजे अवघडच. पण बोलणं बिनबुडाचं नव्हतं. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याला अस्पृश्य म्हणून मिळणाऱ्या सवलतींचं काय होतं, हा मुद्दा त्या काळातही बोचत होता. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो कायमचाच करून टाकला. अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले गेले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे धर्माने ज्याला सांगितलं की तू आता कुणापेक्षा कमी नाहीस, त्याला सरकारने सांगितलं की मग तुला मदतही नको. गावाने दोघांचंही ऐकलं नाही, ते त्याला पूर्वीच्याच नावाने ओळखत राहिलं.

सोलापूर जिल्ह्यातला प्रोटेस्टंट समाज घडवला तो अमेरिकन मराठी मिशनने. या मिशनचं मूळ बोस्टनमध्ये. तिथल्या ‘अमेरिकन बोर्ड’चे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं पडलं आणि १८६० च्या दशकात ते सोलापूरला पोचले. चार्ल्स हार्डिंग, लोरिन गेट्स ही नावं जुन्या सोलापूरच्या मिशनच्या इतिहासात वारंवार येतात. कापडगिरण्यांनी शहर फुगत होतं आणि मिशनच्या शाळा महार-मांग वस्त्यांतल्या मुलांना अक्षरं शिकवत होत्या. सगळं सोवळं-ओवळं एका दिवसात संपलं असं नाही, पण एका बाबतीत मिशनने माघार घेतली नाही. अहमदनगरच्या चर्चमध्ये १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती हे ब्राह्मण गृहस्थ बाप्तिस्मा घेऊन आले आणि महार ख्रिस्त्यांबरोबर प्रभुभोजनाला बसले. ज्यांना हे पटत नव्हतं त्यांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. मिशनने ती जाऊ दिली.

सरकारने नेमकं उलटं केलं. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाचा अर्ज आला. मुंबई सरकारने जुलैत जो ठराव केला तो प्रशासकीय गद्याचा एक नमुनाच आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे, असं त्यात मान्य केलं आहे. पण एकट्यादुकट्यासाठी युगानुयुगांचे ग्रह मोडायला गेलं तर शिक्षणाच्याच कार्याची हानी होईल, शिवाय ही अडचण काही सरकारने निर्माण केलेली नाही. सबब अर्ज नामंजूर. प्रकरण कलकत्त्याला गेलं. तिथून उत्तर आलं की मुंबई सरकार बहुधा शहाणपणानेच वागलं असावं, मात्र बंगालमधल्या कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता. इतका सभ्य टोमणा सरकारी दप्तरात क्वचितच सापडेल. शेवटी १८५८ च्या एप्रिलमध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी निकाल दिला: सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्या पाहिजेत, काही विद्यार्थी निघून गेले तरी चालेल आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपला पैसा घालून आपल्यापुरत्या वेगळ्या शाळा काढाव्यात. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला पुन्हा यावं लागणार आहे. त्या मुलाचं पुढे काय झालं ते दप्तर सांगत नाही. दप्तराला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

आता बोस्टनकडे वळू. जे बोर्ड अहमदनगरच्या चर्चमध्ये जात चालणार नाही म्हणून आग्रह धरत होतं, तेच बोर्ड अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल मात्र तोंडात गुळणी धरून होतं. गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्या घ्यायच्या का, चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांत चालवलेल्या आपल्याच चर्चमध्ये गुलामांचे मालक सभासद असावेत का, या प्रश्नांवर बोर्ड ठाम भूमिका घेईना. तेव्हा चिडलेली मंडळी बाहेर पडली आणि १८४६ मध्ये त्यांनी ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ उभी केली. यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्यांसाठी जी कॉलेजं निघाली त्यांतली कित्येक, नॅशव्हिलचं फिस्क त्यांत आलंच, या फुटून निघालेल्यांनी उभारली. म्हणजे मराठी मुलखात आलेली समतेची शिकवण होती खरी, पण ती पाठवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात तिच्यावरून भांडण चालू होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली ती गुलामांना मुक्त केल्याबद्दल. ज्या वर्षी ते पुस्तक निघालं त्याच वर्षी टेनेसी राज्यात मेथडिस्ट चर्चने गोऱ्यांसाठी एक विद्यापीठ स्थापन केलं, व्हँडरबिल्ट. योगायोगच, पण नोंद करण्यासारखा.

इथेही मिशनच्या घरात सगळं सरळ नव्हतं. जातीची रेघ पुसणाऱ्यांनी रंगाची रेघ ठेवली होती. बंगला साहेबाचा, चाळ देशी पाळकाची. पगार वेगळे, निर्णय घेणाऱ्या समितीत बसायला गोरी कातडी लागे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आयुष्यभर या वरचष्म्याशी भांडले आणि अखेरीस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. हा धागा मोठा आहे, तो इथेच सोडतो.

अमेरिकेतल्या खाजगी ख्रिस्ती कॉलेजांचीही एकच एक गोष्ट नाही. ओहायोतल्या ओबर्लिनने १८३५ मध्येच काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडलं, तेव्हा महाराष्ट्रात जोतीराव आठ वर्षांचे होते. केंटकीतलं बेरिया कॉलेज यादवी युद्धानंतर काळ्या-गोऱ्यांना एकाच वर्गात शिकवत होतं. १९०४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते बंद पाडलं, १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यावर शिक्का मारला आणि १९५० पर्यंत बेरियाला आपलंच तत्त्व पाळायला बंदी होती. धारवाडला सरकार दार उघडायला कचरलं. केंटकीत उघडं दार सरकारनेच ओढून लावलं.

एवढी पूर्वपीठिका सांगितली ती एका माणसाला नीट पाहता यावं म्हणून. जेम्स लॉसन. जन्म १९२८, पेनसिल्व्हेनियातला, बालपण ओहायोतल्या मॅसिलन गावात. वडील मेथडिस्ट पाळक, कमरेला पिस्तूल लावून हिंडणारे. आई जमैकाची. लहानपणी एका गोऱ्या पोराने वर्णावरून शिवी दिली म्हणून जेम्सने त्याला फाडकन वाजवली आणि घरी येऊन पराक्रम सांगितला. आईने मागे न वळताच विचारलं की त्याने काय साधलं? यापेक्षा बरा मार्ग असलाच पाहिजे, असं ती म्हणाली. हा किस्सा लॉसन म्हातारपणापर्यंत सांगत. पुढे बाल्डविन-वॉलेस या मेथडिस्ट कॉलेजात शिकताना त्यांनी शांततावाद स्वीकारला आणि कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला. शिक्षा तीन वर्षांची झाली, तेरा महिने भोगली. सुटल्यावर पदवी पुरी केली आणि १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशन बोर्डाने त्यांना नागपूरला, हिस्लॉप कॉलेजात पाठवलं.

हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनचं अपत्य. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. फावल्या वेळात हा पाद्री मध्य प्रांताचे खडक आणि जीवाश्म गोळा करत फिरे. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला आणि १८८३ मध्ये निघालेल्या कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. लॉसन आले तेव्हा प्राचार्य होते डॉ. डेव्हिड मोझेस. भारतीय प्राचार्य, बहुतांशी हिंदू विद्यार्थी, वर स्कॉटिश परंपरा आणि मैदानावर पोरांना खेळ शिकवणारा काळा अमेरिकन मिशनरी. टिळकांच्या पिढीला हे चित्र स्वप्नातही सुचलं नसतं. ज्या जगात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजांच्या मैदानावर लॉसनना पाय ठेवता आला नसता, त्या जगातल्या चर्चने त्यांना पंचविसाव्या वर्षी नागपुरात खेळाचे मास्तर करून ठेवलं होतं.

नागपूर निवडलं गेलं ते बोर्डाच्या सोयीने, पण लॉसनना हवं होतं ते सगळं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. असहकाराचा ठराव पक्का झाला तो १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये. झेंडा सत्याग्रह नागपूरचा, १९२३ चा. सेवाग्राम शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला विनोबांचा आश्रम आणि विनोबा भूदानासाठी गावोगाव चालत होते. गांधीजींना जाऊन पाच-सहा वर्षंच झाली होती, त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेली माणसं अजून चालती-बोलती होती. लॉसन यांनी पुस्तकं वाचली, ते माणसांशी बोलले आणि त्यांना एक गोष्ट उमगली जी दुरून वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही: सत्याग्रह म्हणजे चांगुलपणा नव्हे, ती शिकावी लागणारी विद्या आहे. तिला आखणी लागते, शिस्त लागते, मार कसा खायचा याची तालीम लागते.

१९५५ च्या डिसेंबरात ‘नागपूर टाइम्स’मध्ये बातमी आली. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आहे आणि त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग नावाचा सव्वीस वर्षांचा पाळक आहे. लॉसन आनंदाने ओरडले, टाळ्या पिटू लागले. ज्याचा आपण तुरुंगात आणि नागपुरात विचार करत होतो ते कुणीतरी तिकडे सुरूही केलं होतं. काही महिन्यांत त्यांनी परतीचा रस्ता धरला.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. लॉसन नागपूर सोडून गेले ते १९५६ साल. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विसाव्या शतकातल्या समतेच्या दोन मोठ्या लढाया एका शहरात काही महिन्यांच्या अंतराने एकमेकींना चुकल्या. अमेरिकन इतिहासकार लॉसन यांच्याबद्दल लिहिताना गांधींचं नाव घेतात, ते बरोबरच आहे, लॉसनही तेच सांगत. पण त्यांनी पुढे नॅशव्हिलमध्ये जे केलं त्याचं सख्खं भावंड दांडी नव्हे, महाड आहे. मीठ कुणालाही उचलता येत होतं, कायद्याने ते गुन्हा ठरत होतं एवढंच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर मात्र माणसं जिथे जायला कायद्याने मोकळी होती पण समाजाने मज्जाव केला होता तिथे गेली आणि ओंजळभर पाणी प्यायली. दुकानात सगळा माल विकत घ्यायला मोकळीक, पण खानपानाच्या बाकावर बसलं की वाढणार नाही, हे नॅशव्हिलचं दुखणं महाडच्या जातीचं होतं. हे नातं अमेरिकेत फार कुणी सांगत नाही. आपणही कुठे सांगतो?

अमेरिकेत परतल्यावर लॉसन ओबर्लिनच्या धर्मशास्त्र विद्यालयात दाखल झाले. १९५७ च्या फेब्रुवारीत किंग तिथे व्याख्यानाला आले. दोघांचंही वय अठ्ठावीस. जेवताना बोलणं निघालं. आपण शिक्षण पुरं करून कधीतरी दक्षिणेत यायचं म्हणतो, असं लॉसन म्हणाले. कधीतरी नको, आत्ता ये, तुझ्यासारखं कुणी आमच्याकडे नाही, अशा अर्थाचं किंग बोलले. १९५८ च्या सुरुवातीला लॉसन नॅशव्हिलला गेले आणि त्याच वर्षी व्हँडरबिल्टच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये त्यांनी नाव घातलं.

व्हँडरबिल्टचा चर्चशी असलेला कायदेशीर संबंध १९१४ मध्ये तुटला होता, पण धर्मशास्त्राची शाखा होती आणि कुलपती हार्वी ब्रॅन्सकोम्ब हे स्वतः नव्या कराराचे अभ्यासक होते. हुशार, व्यवहारी माणूस. दक्षिणेतल्या या विद्यापीठाला देशातल्या पहिल्या रांगेत न्यायचं तर उत्तरेतल्या मोठ्या फाउंडेशनांचा पैसा लागणार आणि तो वर्णभेद पाळणाऱ्याला मिळणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून १९५३ मध्ये डिव्हिनिटी स्कूलमध्ये पहिला काळा विद्यार्थी घेतला गेला, १९५६ मध्ये कायद्याच्या शाखेत दोन. थोडेथोडके, वयाने मोठे, गाजावाजा न करणारे. पदवीपूर्व वर्गांचं दार बंदच. हळूहळू, कुणाला टोचणार नाही अशा बेताने, हे ब्रॅन्सकोम्ब यांचं धोरण. मुंबई सरकारच्या १८५६ च्या ठरावाशी हे ताडून पाहावं. तत्त्वतः न्याय तिथेही अर्जदाराच्याच बाजूला होता.

लॉसन वर्गात धर्मशास्त्र शिकत आणि संध्याकाळी फिस्कजवळच्या क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात शिकवत. तिथे येणारे विद्यार्थी फिस्कचे होते, अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरीचे होते: डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेत. पुढे ही सगळी नावं इतिहासात गेली, तेव्हा ती विशीतली पोरं होती. तालीम अशी की काहींनी गुंड व्हायचं आणि काहींनी बाकावर बसायचं. गुंडांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली लोळवायचं. बसणाऱ्यांनी उलट हात उचलायचा नाही, पळायचं नाही, डोकं कसं वाचवायचं आणि शेजाऱ्याच्या अंगावर आडवं कसं व्हायचं ते शिकायचं. कपडे नीटनेटके, समोर वही-पुस्तक, तोंड काउंटरकडे. महिनोन्‌महिने हे चाललं. नागपुरात मैदानावर पोरांकडून कवायत करून घेणारा माणूस तळघरात तेच काम करत होता.

१ फेब्रुवारी १९६० ला उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी न विचारता वूलवर्थच्या बाकावर जाऊन बसले. नॅशव्हिलची तयारी झालेलीच होती. १३ फेब्रुवारीला, बर्फ पडत असताना, १२४ विद्यार्थी शहरातल्या वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांत शिरले, किरकोळ काहीतरी विकत घेतलं आणि खाण्याच्या बाकांवर जाऊन बसले. कुणी वाढलं नाही. त्यांनी अभ्यास केला. दोन आठवडे हे चालल्यावर २७ तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारलं आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांपैकी सुमारे ८० जणांना पकडून नेलं. मारणारे मोकळे. एक तुकडी उचलली की दुसरी येऊन बसे, तीही उचलली की तिसरी. पोलिसांची गाडी कमी पडू लागली.

आता शहराने लॉसन हे नाव ऐकलं. ‘नॅशव्हिल बॅनर’ या दैनिकाने त्यांना बाहेरून आलेला चिथावणीखोर ठरवलं. त्याचे प्रकाशक जेम्स स्टालमन हे व्हँडरबिल्टच्या विश्वस्त मंडळातही होते, त्यामुळे आधी छापायचं आणि मग त्यावर बैठक घ्यायची अशी सोय होती. मंडळाच्या कार्यकारी समितीने लॉसनपुढे दोन पर्याय ठेवले: चळवळ सोडा किंवा विद्यापीठ सोडा. त्यांनी दोन्ही नाकारलं. ३ मार्च १९६० ला त्यांना काढून टाकण्यात आलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना चर्चच्या दारातून पकडून नेलं, तो फोटो सगळ्या देशाने पाहिला.

ब्रॅन्सकोम्ब यांचा अंदाज असा असावा की चार दिवस ओरडा होईल आणि शांत होईल. झालं ते वेगळंच. डिव्हिनिटी स्कूलच्या प्राध्यापकांनी लॉसन यांच्या जामिनासाठी पैसे उभे केले. शाखेच्या प्रवेश समितीने त्यांना उन्हाळी सत्रात परत घ्यावं अशी शिफारस केली. कुलपतींनी ती फेटाळली. तेव्हा मे अखेरीला डीन रॉबर्ट नेल्सन आणि बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांच्यामागोमाग वैद्यक आणि विज्ञान शाखांतले नामवंत प्राध्यापकही जाण्याच्या गोष्टी करू लागले. आता मात्र विद्यापीठाचा पाया हलायला लागला, कारण वैद्यकातले संशोधक गेले की त्यांच्यामागून अनुदानंही जाणार होती. बायबलने जे झालं नाही ते हिशेबाने झालं असं म्हणण्याचा मोह होतो. तसं म्हणणं त्या राजीनामा देणाऱ्या धर्मशास्त्र्यांवर मात्र अन्याय होईल. नोकरी पणाला लावली ती आधी त्यांनी.

इकडे शहर बदलत होतं. काळ्या वस्तीने दुकानांवर बहिष्कार टाकला होता. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत महापौर बेन वेस्ट यांच्या कचेरीपाशी आले. पायऱ्यांवर डायन नॅशने त्यांना सरळ विचारलं की माणसाच्या रंगावरून असा भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का? महापौरांना नाही म्हणावं लागलं. १० मे रोजी नॅशव्हिलच्या सहा दुकानांनी काळ्या गिऱ्हाइकांना बाकावर वाढलं. दक्षिणेत हे करणाऱ्या पहिल्या काही मोठ्या शहरांत नॅशव्हिल होतं. दुकानदारांना जे तीन महिन्यांत कळलं ते विद्यापीठाला अजून कळत नव्हतं.

जूनमध्ये तडजोड निघाली. लॉसन यांना पदवी पुरी करू देऊ, प्राध्यापकांनी राजीनामे मागे घ्यावेत. डीन नेल्सन यांचा राजीनामा मात्र स्वीकारला गेला. लॉसन आधीच बोस्टन विद्यापीठात गेले होते, पदवी त्यांनी तिथूनच घेतली. व्हँडरबिल्टच्या पदवीपूर्व वर्गांत काळे विद्यार्थी यायला १९६४ उजाडलं.

एवढं सगळं होऊनही काही संस्था जागच्या हलल्या नाहीत आणि त्यांनी धर्माचाच आधार घेतला. दक्षिण कॅरोलिनातलं बॉब जोन्स विद्यापीठ १९७१ पर्यंत काळ्यांना घेतच नव्हतं. घेऊ लागलं ते आधी फक्त लग्न झालेल्यांना, १९७५ पासून अविवाहितांनाही, पण काळ्या-गोऱ्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायचं नाही असा नियम घालून. देवाने वंश वेगळे केले तर माणसाने ते मिसळू नयेत, हा त्यांचा युक्तिवाद. सरकारने त्यांची करसवलत काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने सरकारची बाजू उचलली. सार इतकंच की तुमची श्रद्धा तुमच्याजवळ ठेवा, पण भेदभावासाठी जनतेच्या तिजोरीतून सवलत मागू नका. १८५८ मध्ये लंडनच्या संचालकांनी धारवाडच्या प्रकरणात लिहिलं होतं ते हेच: वेगळं बसायचंय तर स्वतःच्या पैशाने बसा. मधली सव्वाशे वर्षं वकिलांची फी देण्यात गेली. बॉब जोन्सने तो नियम सोडला २००० साली.

लॉसन पुढे मेम्फिसला पाळक झाले. १९६८ मध्ये तिथल्या सफाई कामगारांच्या संपाची सूत्रं त्यांच्याकडे होती आणि किंगना मेम्फिसला बोलावलं तेही त्यांनीच. हा बोलावा किंग यांच्या आयुष्यातला शेवटचा ठरला. सफाई कामगार, सगळे काळे, त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर आपण माणूस असल्याचं लिहिलेलं. आपल्याकडच्या वाचकाला या चित्राचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

२००६ मध्ये व्हँडरबिल्टने झाल्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली आणि लॉसन यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावलं. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ते गेले. काही जुन्या सहकाऱ्यांना वाटलं असेल की नको जाऊस, त्यांना फुकटचं पुण्य कशाला? लॉसन यांनी तीन वर्षं तिथे शिकवलं, पुढे आपली कागदपत्रंही तिथल्याच ग्रंथालयाला देऊन टाकली. २०२४ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये ते गेले तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. ज्या संशोधकाला त्यांना का काढलं ते शोधायचं असेल त्याला आता व्हँडरबिल्टच्याच वाचनालयात जाऊन बसावं लागतं.